पंचवीस इंची कॉइल, अर्धा मीटर चिकणमाती आणि सासरेबुवा

मेटल डिटेक्टरने जमिनीतलं सोनं शोधायचा हा छंद ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात, मेलबर्नच्या वायव्येला गाडीने साधारण अडीच तासांवर डनोली, टार्नागुल्ला, मोलियागुल, वेडरबर्न अशी छोटी छोटी गावं आहेत, या सगळ्या पट्ट्याला गोल्डन ट्रँगल म्हणतात. १८५१ नंतर जगभरातून माणसं इथे येऊन थडकली आणि नुसत्या कुदळ-फावड्याने त्यांनी अख्खे ओढे उलथेपालथे केले. मोलियागुलला ५ फेब्रुवारी १८६९ ला जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स या दोघांना वेलकम स्ट्रेंजर नावाचा सोन्याचा गोळा (नगेट) मिळाला, त्यातून ७० किलोच्या वर शुद्ध सोनं निघालं, आणि तो जमिनीखाली जेमतेम इंचभर होता. डनोलीत त्याला पेलणारा तराजूच नव्हता म्हणून ऐरणीवर ठेवून फोडला. नंतर १९८० मध्ये किंगोवरजवळ केव्हिन हिलियर यांना मेटल डिटेक्टरने २७ किलोचा हँड ऑफ फेथ सापडला, फूटभर खोलीवर. म्हणजे बघा, वरवरचं आणि फूटभरातलं जे मोठं होतं ते लोकांनी कधीच उचललंय, आणि त्यानंतर चाळीस-पंचेचाळीस वर्षं हजारो लोक दर वीकेंडला मशीन घेऊन त्याच झाडांमधून फिरतायत. आता उरलंय ते एकतर अगदी बारीक किंवा मग खोल.

मी २०२३ मध्ये सेकंडहँड मिनलॅब जीपीएक्स ५००० हा मेटल डिटेक्टर घेतला, ३४०० डॉलरला, सोबत ११ इंची कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाला लावून जमिनीवरून फिरवायची तबकडी. नवरा पहिल्या दोन-तीन खेपांना उत्साहाने आला, मग "तू जा, मी मुलांना बघतो" वर आला, ते मला एका अर्थी बरंच झालं. त्या कॉइलवर मला तांदळाच्या कणीएवढे तुकडे मिळायचे, कधी मुगाच्या डाळीएवढा मिळाला तर त्या दिवशी घरी पार्टी. वर्षभराचं सगळं मिळून अंगठीही झाली नसती. २०२५ च्या जानेवारीत मनाशी ठरवलं की त्या वर्षीचा सीझन खोल सोन्यासाठी द्यायचा आणि त्यासाठी २५ इंची कॉइल घ्यायची. मराठीत यावर कुणी काहीच लिहिलेलं मला सापडलं नाही, इंग्लिशमध्ये जे आहे त्यात निम्मी माणसं आपलंच घोडं दामटणारी, म्हणून हा सगळा सीझन जसा झाला तसा लिहून ठेवतेय.

पैसे टाकण्याआधी मी कागदावर हिशेब केला होता. इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री आहे, ती कुठेतरी वापरायला पाहिजे ना. हे पल्स इंडक्शन मशीन कॉइलमध्ये करंट सोडून झटकन बंद करतं, त्याने जमिनीतल्या धातूत भोवरे-करंट तयार होतात, ते विरत जाताना जो अगदी क्षीण सिग्नल परत येतो तो कॉइल पकडते. कॉइल मोठी केली की चुंबकीय क्षेत्र खोलवर जास्त टिकतं, पण कॉइलजवळ मात्र ते विरळ होतं, हे दुसरं अर्धं वाक्य जाहिरातीत नसतं. त्यात मशीनला ठरावीक इंडक्टन्स (कॉइलचा एक विद्युत गुणधर्म) लागतो म्हणून मोठ्या कॉइलला तारेचे वेढे कमी द्यावे लागतात. हे सगळं धरून माझा ढोबळ आकडा असा आला की अर्ध्या मीटरवर २५ इंचीचा सिग्नल ११ इंचीच्या पाचपट, आणि ५ सेंटिमीटरवर मात्र तो नवव्या हिश्शाएवढा. आता पाचपट ऐकून हुरळून जायचं नाही, कारण खोल जाताना सिग्नल भयानक वेगाने पडतो, कॉइलच्या मानाने बऱ्यापैकी लांब गेल्यावर अंतर दुप्पट केलं की सिग्नल चौसष्टावा हिस्सा उरतो. त्यामुळे ही पाचपट प्रत्यक्ष खोलीत मोजली तर जो तुकडा ११ इंची ३६-३७ सेंटिमीटरवर पकडेल तोच २५ इंची पन्नाशीला पकडेल, बस एवढंच. आणि हेही माती गप्प बसली तर. मोठ्या कॉइलखाली कितीतरी जास्त माती येते आणि त्या मातीत लोह असेल तर तिचाही आवाज त्याच प्रमाणात वाढतो.

म्हणजे सौदा असा: तेरा-चौदा सेंटिमीटरच्या जास्तीच्या खोलीसाठी बारीक सोन्यावर पाणी सोडायचं. हे ज्याला मान्य नाही त्याने २५ इंचीच्या नादाला लागू नये, १५ किंवा १८ इंची घ्यावी, ती मधली वाट आहे आणि खांदेही वाचतात.

कॉइल मोनो प्रकारची की डबल-डी यावर मी फार वेळ घालवला नाही. मोनोत एकच वाइंडिंग सिग्नल सोडतं आणि तेच ऐकतं, खोली जास्त मिळते. डबल-डीमध्ये इंग्रजी डीच्या आकाराची दोन वाइंडिंग एकमेकांवर थोडी चढवलेली असतात, लोहयुक्त लाल मातीत ती शांत राहते पण थोडी खोली खाते. मी फिरणार होते ती जमीन बरीचशी फिकट चिकणमातीची, म्हणून मोनो. जवळच्या मेरीबरो गावातच कॉइलटेकचा कारखाना आहे आणि नगेट फाइंडर ही पण व्हिक्टोरियातलीच कंपनी, त्यामुळे या भागात मोठ्या कॉइल मिळतात, पण मिळतात म्हणजे लगेच मिळतात असं नाही. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुकानात पैसे भरले, साडेसातशे आणि वर काही डॉलर, "तीन आठवडे" म्हणाले आणि एप्रिल उजाडला. फोन केला की "मेट, नेक्स्ट वीक". तुम्हाला मे-जूनमध्ये वापरायची असेल तर ऑर्डर उन्हाळ्यातच टाका, थंडी सुरू व्हायच्या आधी सगळेच एकदम जागे होतात.

त्याच एप्रिलमध्ये सांगलीहून सासू-सासरे आले, सहा महिन्यांसाठी. सासरे, म्हणजे बाबा, पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून रिटायर झालेले, आयुष्य धरणांचे पाये आणि कालव्यांचे ट्रायल पिट (चाचणीचे खड्डे) बघण्यात गेलं. त्यांना मेलबर्नमध्ये पहिल्या आठवड्यातच कंटाळा आला. सुपरमार्केट बघून झालं, बीच बघून झाला, मग गॅरेजमध्ये माझी हत्यारं दिसली आणि म्हणाले, "ही कुदळ कुणाची? दांडा आखूड आहे." त्या दिवसापासून ते या प्रकरणात पडले. सासूबाई मात्र पहिल्यांदा ऐकून घाबरल्या, "गुप्तधनाचं काय काढलंस गं, लिंबू-नारळ तरी नाही ना लागत?" त्यांना मायनर्स राइट या परवान्याची पीडीएफ दाखवली, त्यावर सरकारी शिक्का बघून जीव भांड्यात पडला.

तर मायनर्स राइट. व्हिक्टोरियात सोनं शोधायला हा परवाना लागतो, १९९० च्या खनिज कायद्याखाली मिळतो, ऑनलाइन अर्ज, फी तीस डॉलरच्या आत आणि दहा वर्षं चालतो. नागरिक असायची गरज नाही, बाबांचा व्हिजिटर व्हिसावर निघाला, पत्ता आमच्या घरचा टाकला. प्रत्येकाचा वेगळा लागतो, माझ्या परवान्यावर बाबांनी मशीन फिरवणं चालत नाही. यात जे मिळतं ते सोनं तुमचं. अटी मात्र नीट वाचा: फक्त हातातली हत्यारं, झाडं-झुडपं तोडायची नाहीत, खड्डा केला तर बुजवायचाच, खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी पाहिजे, आदिवासींच्या वस्तू किंवा जागा दिसल्या तर हात लावायचा नाही. हा सगळा जाजा वुरुंग लोकांचा मुलूख आहे, दगडी हत्यारं खरोखर दिसू शकतात. नॅशनल पार्कात साधारणपणे बंदी, पण ग्रेटर बेंडिगो नॅशनल पार्कसारख्या ठिकाणी काही ठरावीक भाग खुले आहेत, ते नकाशावर बघूनच जायचं. जिऑविक नावाचा सरकारी नकाशा फुकट आहे, त्यात मायनिंग लायसन्स कुठे दिलंय ते दिसतं, अशा जागी लायसन्सवाल्याच्या संमतीशिवाय शिरायचं नाही. सुरुवातीला तो नकाशा उघडायला आणि समजायला फार वैताग येतो, लेयर एकेक करून चालू करा, सगळे एकदम केलेत तर ब्राउजर झोपतो.

कॉइल एकदाची आली तेव्हा ते धूड बघून नवरा म्हणाला "हे गाडीत कसं नेणार?" मी मागच्या अंगणात लगेच लावून बघितली तर मशीन नुसतं किंचाळत होतं. आजूबाजूला प्रत्येक छपरावर सोलर, प्रत्येक घरात वायफाय, आणि कॉइल जितकी मोठी तितकी ती अँटेना म्हणूनही जास्त चांगली. शहरात हिची टेस्ट होत नाही हे लक्षात ठेवा, कॉइल खराब निघाली असं समजून दुकानाशी भांडायला जाऊ नका. बॅकस मार्शकडे एका मराठी कुटुंबाची थोडी शेती आहे, त्यांना विचारून एका रविवारी तिकडे गेलो. मासेमारीच्या दुकानातून शिशाची वजनं नेली होती, छर्‍याएवढ्यापासून ३० ग्रॅमपर्यंत, शिशाचा आवाज सोन्याच्या बराच जवळचा येतो आणि हरवलं तर रडू येत नाही. ३० ग्रॅमचं वजन ११ इंचीवर ३० सेंटिमीटरला स्वच्छ ऐकू आलं, २५ इंचीवर चाळिसाला. आणि छर्‍यावर ११ इंची ओरडली, २५ इंचीला पत्ताच नाही. माझ्या कागदी हिशेबाशी हे जुळलं याचा मला जरा जास्तच आनंद झाला, बाकी सगळे तोवर भजी खात होते.

मेच्या पहिल्या पंधरवड्यात खरं काम सुरू झालं. सीझन म्हणजे साधारण एप्रिल ते ऑक्टोबर, उन्हाळ्यात वणव्यांची भीती, ब्राऊन साप आणि माती विटेसारखी. जागा निवडताना मी एकच गोष्ट बघत होते: जिथे जुन्या लोकांनी उथळ खड्डे खणून सोनं काढलंय, पण मध्येच सोडून दिलंय अशा ओढ्यांच्या कडा. त्यांचे खड्डे अजून दिसतात, बाजूला मातीचे ढीग पण तसेच. त्यांनी खणताना जिथे परवडेनासं झालं तिथे ते थांबले, पण दोन खड्ड्यांच्या मधली न खणलेली पट्टी तशीच राहते, आणि तळ (ज्या घट्ट मातीवर सोनं अडून बसतं ती) जर अर्ध्या-पाऊण मीटरवर असेल तर तिथलं सोनं छोट्या कॉइलच्या आवाक्याबाहेर आणि मोठीच्या आवाक्यात. तळ तीन-चार मीटरवर असेल तर कुठलीच कॉइल उपयोगाची नाही. जमीन न बघता आधी कॉइल विकत घेणारे लोक मी या सीझनमध्ये बरेच बघितले. अजून एक, जुने शाफ्ट, म्हणजे खाणींची उभी विवरं, उघडे असतात, काहींच्या तोंडावर नुसता पाचोळा, हेडफोन लावून जमिनीकडे बघत चालताना ते दिसत नाहीत. आधी मशीन न घेता पूर्ण जागा एकदा चालून घ्यायची आणि मगच काम सुरू करायचं.

मशीन लावण्याचा क्रम आता मला पाठ झालाय. बॅटरी पाठीवर हार्नेसमध्ये, तिची ती गुंडाळलेली वायर मशीनला. कॉइलचंच वजन किलोच्या वर, ते सगळं लांब दांड्याच्या टोकाला, म्हणून बंजी दोरीने वजन खांद्यावर घ्यायचं आणि दुसऱ्या हातासाठी दांड्याला एक जास्तीची काठी लावायची, कॉइल हाताने उचलायची नाही, नुसती ढकलायची. फोन फ्लाइट मोडवर. मग कॉइल स्थिर धरून ऑटो-ट्यून (आजूबाजूचा विद्युत गोंगाट टाळायला), त्याला मिनिटभर लागतं. मग बटण दाबून कॉइल वर-खाली करत ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा स्वतःचा आवाज वजा करणं. पॉइंट असा की हे ट्रॅकिंगवर (मशीन आपोआप सतत मातीशी जुळवत राहतं त्या सेटिंगवर) ठेवायचं नाही, फिक्स्ड ठेवायचं, कारण खोल सिग्नल इतका हलका असतो की त्यावर चार वेळा कॉइल फिरवली की ट्रॅकिंग त्यालाच माती समजून पुसून टाकतं. शांत मातीत नॉर्मल टायमिंग, माती बडबडायला लागली तर एनहान्स (ही दोन्ही मशीनची सेटिंग), मोशनचं सेटिंग स्लो. आणि स्वतःसुद्धा स्लो. इकडून तिकडे एक झोका द्यायला चार-पाच सेकंद, पुढचं पाऊल अर्ध्या कॉइलएवढं. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी मागे वळून बघितलं तर दिवसभरात बॅडमिंटन कोर्टाच्या दोन-तीन पट जागा झाली होती फक्त, आणि खांदा असा की रात्री मोलियागुलजवळच्या कॅम्पवर वेणी सोडायला हात वर जाईना.

पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन दिवस माती खणायला लोण्यासारखी होते, पण जिथे क्षार आहेत तिथे ओली माती मोठ्या कॉइलवर फार कुरकुरते. लांब कुठे वीज चमकत असेल तरी हेडफोनमध्ये तडतड येते. अशा वेळी सरळ चहा करायचा.

आणि मग आवाज. मोठ्या कॉइलवर खोल सोनं "टिंग" करत नाही. हेडफोनमध्ये जी एकसारखी बारीक गुणगुण चालू असते ती किंचित खाली जाते आणि हळूच वर येते, इतकी रुंद की सुरुवात आणि शेवट कुठे ते कळत नाही. लहान आणि वरवरच्या वस्तूचा सूर आधी वर मग खाली, मोठ्या किंवा खोल वस्तूचा आधी खाली मग वर, हे नॉर्मलवर तरी बऱ्यापैकी खरं निघतं. गंमत म्हणजे मातीतला लोहाचा पट्टा किंवा जळालेल्या झाडाचा बुंधा पण अगदी असाच आवाज देतो. म्हणून काटकोनात फिरून परत कॉइल न्यायची, दोन्हीकडून आवाज आला तर कॉइल दहा सेंटिमीटर वर उचलून बघायची, वरवरचा कचरा असेल तर आवाज पटकन मरतो, खोल वस्तूचा हळूहळू कमी होतो. मग वरची दहा सेंटिमीटर माती खरवडून परत ऐकायचं. खरी वस्तू असेल तर आवाज थोडा धारदार होतो, मातीचा असेल तर विरतो नाहीतर बाजूला सरकतो.

मे-जूनमध्ये काय काय निघालं सांगू? बैलांच्या खुरांचे नाल, घोड्याचे नाल, तुटकं फावडं, कुऱ्हाडीचं डोकं, चपटे झालेले डबे, डबे आणि डबे. मोठी कॉइल खिळे आणि छर्रे फारसे ऐकत नाही हा तिचा खरा फायदा, पण जे लोखंड ऐकते ते सगळं मोठं आणि खोल. एका नालासाठी दीड तास खणणं म्हणजे काय ते खणल्याशिवाय कळत नाही. कुदळीच्या डोक्याला एक ताकदवान मॅग्नेट चिकटवलेला असतो, तो मातीत फिरवला की लोखंड लगेच चिकटतं आणि निदान लवकर निराश होता येतं.

या सगळ्यात बाबा खुश होते. मशीनमध्ये त्यांना शून्य इंटरेस्ट, हेडफोन एकदा लावले आणि "मला काही ऐकू येत नाही, कान गेलेत" म्हणून काढून ठेवले. पण खड्डा म्हटलं की ताबा त्यांचा. बाजूला ताडपत्री पसरायची, वरची माती एका कडेला, खालची दुसऱ्या कडेला, बुजवताना उलट्या क्रमाने, म्हणजे वरची माती वरच येते आणि गवत परत उगवतं. मी सरळ खाली भोक पाडायचे तर त्यांनी थांबवलं, "अगं, अर्धा मीटर खोल जायचंय ना, मग तोंड पाऊण मीटर घे, नाहीतर खाली वाकून खणणार कशी?" खड्ड्याच्या भिंतीकडे बघून ते मला थर सांगायचे, हा मुरूम, ही चिकणमाती, हे वाहत आलेले गोटे, आणि खाली ही पांढरी, शाडूसारखी. जुने लोक याच पांढऱ्या मातीपर्यंत खणायचे, तिच्यावर बसलेल्या गोट्यांच्या थरात सोनं अडकतं, पाण्याबरोबर आलेलं जड ते खाली जाऊन बसतं. बाबांना कुणी हे सांगितलं नव्हतं, पण तिसऱ्या-चौथ्या खड्ड्यानंतर तेच म्हणाले की गोट्यांचा थर संपला की खणणं बंद करत जा, खाली काही नाही.

जुलैमध्ये मी जवळजवळ गेलेच नाही. धाकट्याचा ताप, माझं ऑफिसचं रिलीज, आणि खरं सांगायचं तर कंटाळा पण आला होता. एवढे पैसे घालून घरी आणलेलं सगळं लोखंड भंगारवाल्यानेही घेतलं नसतं. नवरा काही बोलला नाही पण गॅरेजमधल्या नालांच्या ढिगाकडे बघायचा.

ऑगस्टच्या शेवटी, वॉटलची झाडं फुलून सगळं रान पिवळं झालेलं, टार्नागुल्लाच्या बाजूला एका उथळ ओढ्याच्या कडेला दुपारी साडेतीनच्या सुमाराला सिग्नल आला. सिग्नल म्हणजे काय, गुणगुण जरा वाकली. काटकोनात पण वाकली. कॉइल उचलली तर हळूहळू गेली. वरचं खरवडलं, आवाज थोडा सुधारला. बाबांनी ताडपत्री पसरली. वीस सेंटिमीटरवर आवाज स्पष्ट, पण कुठे आहे ते कळेना, कारण दोन फुटांच्या कॉइलखाली "इथे" म्हणजे अख्खी परात. यासाठी दोन उपाय आहेत, एक म्हणजे कॉइल उभी करून तिच्या कडेने खड्ड्याच्या चारी बाजू तपासायच्या, मोनोची कड सगळ्यात तीक्ष्ण असते, आणि दुसरा म्हणजे गाडीतून ११ इंची आणून बदलायची. तिसाच्या पुढे गेल्यावर मी कॉइल बदलली. छोट्या कॉइलवर वरून काहीच नव्हतं, खड्ड्यात उतरवल्यावर ती एकदम ओरडली, आणि आवाज खड्ड्याच्या मधोमध नव्हता, उत्तरेच्या भिंतीत होता. बाबा म्हणाले "तोंड वाढव." मी म्हटलं "बाबा, अंधार पडेल." तर ते स्वतःच कुदळ घेऊन बसले, शहात्तराव्या वर्षी, मी फक्त माती ओढत होते.

गोट्यांच्या थरात, पंचेचाळीस सेंटिमीटरच्या थोडं खाली, एक चिखलाचा गोळा हातात आला तो बाकीच्या गोट्यांसारखाच दिसत होता पण हात खाली गेला. वजनाने कळतं, सोन्याची घनता पाण्याच्या एकोणीसपट, लोखंडाच्या दुपटीहून जास्त. पाण्याच्या बाटलीतलं पाणी ओतलं आणि पिवळं दिसलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "आधी खड्डा बुजव." बुजवला. मोबाईलला रेंज नव्हती म्हणून घरी कळवायला टार्नागुल्ला गावापर्यंत जावं लागलं, तिथे फोनवर सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला की बाबांनी बीपीची गोळी घेतली का.

घरच्या तराजूवर १७ ग्रॅम भरलं, क्वार्ट्झचा अगदी छोटा कण चिकटलेला. या भागातलं सोनं बऱ्यापैकी शुद्ध असतं, खूपदा ९५ टक्क्यांच्या वर. आता पैशांचं बोलू कारण पहिला प्रश्न सगळ्यांचा तोच असतो. २०२५ च्या त्या सीझनमध्ये सोन्याचा भाव ग्रॅमला दीडशे डॉलरच्या वर होता, आणि दिसायला चांगलं नगेट असेल तर संग्राहक वितळवण्याच्या भावापेक्षा जास्त देतात, म्हणून कुठल्याही दुकानदाराला पहिल्या फटक्यात देऊ नका, आणि ॲसिडने चकचकीत करायच्या भानगडीत पडू नका. तरीसुद्धा मशीन, कॉइल, हार्नेस, पेट्रोल, कॅम्पिंग सगळं धरलं तर माझा व्यवहार अजूनही आतबट्ट्याचाच आहे. कागदोपत्री व्हिक्टोरियात २०२० पासून सोन्यावर २.७५ टक्के रॉयल्टी आहे, पण वर्षाला पहिले २५०० औंस माफ, तेव्हा ती काळजी माझ्या नातवंडांनाही नाही. टॅक्सचं म्हणाल तर छंद आणि धंदा यात फरक करतात, नियमित विकायला लागलात तर अकाउंटंटला विचारा. आम्ही हे नगेट विकलं नाही, सासूबाईंच्या ताब्यात आहे.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्याच पट्टीत अजून बरंच फिरले. एका ठिकाणी सोनं मिळालं की आजूबाजूला असायची शक्यता चांगली, म्हणून जमिनीवर रेघ मारत, मागे एक साखळी ओढत, एकाला एक लागून पट्टे पाडत गेले म्हणजे मधे काही सुटत नाही. अजून एक चार ग्रॅमचा तुकडा मिळाला, तोही तीसच्या आसपास खोल. बाकी नाल. मला विचाराल तर ज्याने अजून छोट्या कॉइलवर सोन्याचा आवाज पन्नास वेळा ऐकलेला नाही त्याने २५ इंची घेऊ नये, खोल सिग्नल ओळखायला आधी साधा सिग्नल कानात बसलेला लागतो. आणि एकट्याने जाऊ नये, एकाने ऐकायचं आणि दुसऱ्याने खणायचं हीच याची खरी टीम आहे.

गावाकडून दोघा-तिघांनी मेसेज केले की एक मशीन पाठव, आपल्या शेताजवळ जुना वाडा आहे. नाही पाठवणार. आपल्याकडे भारतात १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून आहे, जमिनीत पुरलेलं दहा रुपयांच्या वरचं काहीही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं, आणि पुराणवस्तूंचे कायदे वेगळेच. शिवाय वाड्यात पुरलेला हंडा आणि ओढ्यात वाहत आलेलं नैसर्गिक सोनं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. बाबा परत गेलेत, त्यांनाही हे समजावून सांगितलंय, तरी परवा फोनवर विचारत होते की कृष्णाकाठच्या गोट्यांच्या थरात काय असेल गं.

मेलबर्नमधल्या ज्या लोकांना एप्रिलनंतर एकदा सोबत यायचंय त्यांनी खुशाल कळवा. मायनर्स राइट स्वतःचा काढून या, पाणी माणशी पाच लिटर, बांगड्या-अंगठ्या घरी ठेवा, आणि कृपा करून स्टील-टोचे (पुढे पोलादी टोपी असलेले) बूट घालून येऊ नका, २५ इंची कॉइल तुमचे बूट झुडपाच्या पलीकडून ऐकते आणि मग मी दिवसभर तुमच्याच पायाखाली खणत बसते.